नेत्रतज्ज्ञ व्हायला निघालेले डॉ. ऑस्लर

आपल्या ओळखीच्या अनेक घरांत कुणीतरी एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करत असते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याला एकच विचारतो, की पुढे कोणती शाखा घेणार? उत्तर लगेच आले नाही, तर आईवडिलांचा जीव खालीवर होतो. अशा घरांनी सर विल्यम ऑस्लर यांचे चरित्र जरूर वाचावे.

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या लहानशा गावात झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरला आणि १८६७ मध्ये टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात नाव घातले. पण सूक्ष्मदर्शकाचा नाद लावणारे गुरू भेटले आणि वर्षभरातच ते वैद्यकाकडे वळले. १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. तेव्हा वय अवघे बावीस.

त्यांची शाखा त्या वेळी ठरलेली होती. नेत्रतज्ज्ञ व्हायचे आणि माँट्रियलमध्ये जम बसवायचा, या बेताने ते लंडनला गेले. तिथले ख्यातनाम नेत्रतज्ज्ञ बोमन यांनी त्यांना आधी शरीरक्रियाशास्त्राचा पाया पक्का करण्याचा सल्ला दिला. ऑस्लर प्रयोगशाळेत रुजू झाले. इतक्यात बातमी आली, की डॉ. बुलर नावाचे दुसरे नेत्रतज्ज्ञ माँट्रियलला जाणार आहेत. त्या काळच्या माँट्रियलमध्ये दोघांचा निभाव लागणे कठीण होते. ऑस्लर यांचा बेत तिथेच मोडला.

पण त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. तिथेच १८७३ मध्ये त्यांनी आज आपण प्लेटलेट्स म्हणतो त्या रक्तकणांचे बारकाईने निरीक्षण केले. डेंगीच्या साथीत हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे.

१८७४ मध्ये ते मॅकगिलमध्ये शिकवण्यासाठी परतले. देवीच्या रोग्यांचा वॉर्ड कुणाला नको असे, तो त्यांनी घेतला. त्या कामाच्या मोबदल्यातून विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक आणले. माँट्रियलच्या वर्षांत साडेसातशेहून अधिक शवविच्छेदने केली. वॉर्डात पाहिलेला रोग ते विच्छेदनाच्या टेबलावर पडताळून पाहत. गंमत म्हणजे याच काळात ते डॉ. बुलर यांच्याच घरी बिऱ्हाडकरू म्हणून राहिले!

१८८४ मध्ये ते लाइपझिगमध्ये असताना फिलाडेल्फियाहून बोलावणे आले. मन ठरेना, तेव्हा चक्क नाणे उडवून त्यांनी कौल घेतला. १८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य फिजिशियन झाले. १८९२ मध्ये त्यांचा वैद्यकशास्त्रावरचा ग्रंथ निघाला. त्यात एका अवयवाचे नव्हे, सगळ्या शरीराचे रोग होते. विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून रोग्याच्या खाटेजवळ त्यांनीच नेले. रुग्णालयात राहून, जबाबदारी वाढवत शिकायची रेसिडेन्सीची पद्धतही तिथे रुजली. १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९१७ मध्ये एकुलता एक मुलगा महायुद्धात गेला. त्या दुःखातून ते सावरले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे नीट-पीजीचा क्रमांक, उपलब्ध जागा आणि घरची परिस्थिती यांवर बरेच काही ठरते. ऑस्लर यांच्यासारखी दोन वर्षे परदेशी जाऊन थांबणे प्रत्येकाला जमणार नाही. पण इंटर्नशिपचे वर्ष तर प्रत्येकाच्या हाती असते. ते नुसते एमसीक्यू सोडवण्यात घालवू नये. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग अशा प्रत्येक वॉर्डात मन लावून राहावे, आणि मगच शाखा ठरवावी. तेविसाव्या वर्षी ऑस्लर यांनी केलेली निवड मोडली, पण त्या वेळी घातलेला पाया जन्मभर पुरला. आपल्या मुलांना शाखा विचारण्याआधी, आज वॉर्डात काय पाहिलेस, असे आपण विचारू या.