पेन्शन रुपयात ठरली, घर पौंडात घेतलं... पंजाबच्या शेवटच्या महाराजाचं होम लोन काही फिटलं नाही

परदेशात राहणारा कुणी मित्र असेल तर त्याला एकदा विचारून बघा. पगार एका देशाच्या चलनात आणि घर दुसऱ्या देशात घ्यायचं म्हटलं की बँकवाले कपाळाला आठ्या घालतात. उद्या विनिमय दर पडला तर हप्ता कुठून भरणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणून बऱ्याच बँका परकीय चलनातला पगार पूर्ण धरतच नाहीत, त्यातला काही भाग कापूनच हिशोब करतात. ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये असताना, मार्च २०१६ पासून तिथे नवा नियम लागू झाला. अशा कर्जात दर २० टक्क्यांहून जास्त हलला, तर बँकेने कर्जदाराला सावध करायचं. ही कटकट नको म्हणून काही बँकांनी असं कर्ज देणंच बंद केलं.

पण याच ब्रिटनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी एका भारतीयाने असंच कर्ज काढून घर घेतलं होतं. घर कसलं, १७ हजार एकरांची इस्टेटच. त्याचं नाव महाराजा दुलीपसिंग.

महाराजा रणजितसिंगांचा हा धाकटा मुलगा. जन्म ६ सप्टेंबर १८३८, लाहोरचा. पाच वर्षांचा असताना गादीवर बसला आणि १८४९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, इंग्रजांनी त्याचं राज्य खालसा केलं. कोहिनूर गेला, तोशाखाना गेला. आई महाराणी जिंद कौर यांना त्याच्यापासून आधीच तोडलं होतं.

बदल्यात काय मिळालं? तर पेन्शन. तहात आकडा होता वर्षाला चार लाखांपेक्षा कमी नाही आणि पाच लाखांपेक्षा जास्त नाही, कंपनी सरकारचे रुपये. त्या काळी रुपया साधारण दोन शिलिंगांचा, म्हणजे ही रक्कम झाली ४० ते ५० हजार पौंड. पण खरी मेख पुढे होती. ही रक्कम एकट्या महाराजाची नव्हती, त्यात नातेवाईक आणि दरबारातले नोकरचाकरही धरले होते. शिवाय कुणाला किती द्यायचं हे सरकार ठरवणार.

१८५४ मध्ये पोरगा इंग्लंडला पोहोचला. त्याआधीच तो ख्रिश्चन झाला होता. राणी व्हिक्टोरियाला हा देखणा मुलगा फार आवडायचा. सज्ञान झाल्यावर त्याला वर्षाला २५ हजार पौंड ठरले. तिथल्या सामान्य माणसाने सात जन्मात पाहिले नसते एवढे पैसे, पण महाराजा राहत होता लॉर्ड लोकांमध्ये आणि खर्चही त्यांच्याच तोलाचा.

मग आलं १८६३ साल. त्याच वर्षी सफोक परगण्यातली एल्व्हेडनची इस्टेट घ्यायचं ठरलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची आई लंडनमध्ये वारली. तेरा वर्षांच्या ताटातुटीनंतर मायलेक जेमतेम अडीच वर्षं एकत्र राहिले होते. आईची इच्छा होती की आपल्याला पंजाबच्या मातीत अग्नी मिळावा. इंग्लंडमध्ये तेव्हा दहनाची सोय नव्हती, म्हणून शव काही महिने लंडनच्याच एका दफनभूमीत ठेवलं. १८६४ मध्ये तो ते घेऊन मुंबईला उतरला, पण पंजाबात पाऊल टाकायची परवानगी काही मिळाली नाही. शेवटी नाशिकला, गोदावरीच्या काठावर दहन झालं. पंजाबच्या महाराणीची समाधी पंचवटीत का होती, याचं उत्तर हे असं आहे. पुढे १९२४ मध्ये नात बांबाने अस्थी लाहोरला नेल्या.

तर आई नाशिकला आणि घर सफोकला. एल्व्हेडनसाठी एक लाख पौंडांच्या वर रक्कम लागली, ती सरकारनेच कर्जाऊ दिली. व्याज पेन्शनमधून परस्पर कापलं जायचं. आता नीट बघा, पेन्शन देणारा सरकार, कर्ज देणाराही सरकार, आणि पेन्शन किती हे ठरवणाराही सरकारच!

विनिमय दराचा फटका मात्र महाराजाला बसला नाही. त्याचे पैसे पौंडात बांधलेले होते. १८७३ नंतर चांदी घसरली आणि रुपया लुढकत १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. ज्या २५ हजार पौंडांना आधी अडीच लाख रुपये पुरायचे, त्यालाच आता चार लाख लागायला लागले. ही झळ भारताच्या तिजोरीने, म्हणजे इथल्या करदात्याने सोसली.

महाराजा बुडाला तो दुसऱ्याच कारणांनी. बाहेरून साधा इंग्रजी वाडा आणि आत लाहोरच्या महालासारखी आरसे आणि नक्षीकामाची दालनं, असं घर त्याने नव्याने उभारलं. शिकारीचा नाद तर विचारूच नका, १८७६ मध्ये एका दिवसात त्याने सातशेंच्या वर तितर मारले. जमीन मात्र रेताड. त्यात १८७० च्या दशकात ब्रिटनमध्ये शेतीची मंदी आली आणि कुळांकडून येणारा खंड आटला. सावकार दारात उभे राहू लागले.

तेव्हा त्याने तहाचा कागद काढून हिशोब मांडायला घेतला. नातेवाईक वारले, नोकर वारले, त्यांच्या वाट्याचे पैसे गेले कुठे? आणि पंजाबातल्या आपल्या खासगी जमिनींचं काय? सरकार त्यावर ढिम्म. उलट १८८२ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की महाराजाच्या मृत्यूनंतर एल्व्हेडन विकायचं. त्याच्या राजपुत्रांना त्या घरात राहता येणार नव्हतं.

१८८६ मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि महाराजा बायकामुलांसह भारताकडे निघाला. एडनला त्याला अडवलं. तिथेच तो पुन्हा शीख झाला, मग युरोपला परतला. पेन्शनवर लाथ मारली, रशियाच्या झारकडून मदत मिळते का हेही बघून झालं. २२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. पुरायला आणलं एल्व्हेडनलाच.

पुढच्याच वर्षी इस्टेट विकली गेली. घेणारा होता गिनेस बिअरवाल्या घराण्याचा. तुम्ही 'टूम रेडर' किंवा 'आईज वाइड शट' पाहिला असेल, तर हा वाडा आतून पाहिलेला आहे. महाराजाची कबर तिथल्याच चर्चच्या आवारात आहे, शेजारी बायको बांबा आणि मुलगा एडवर्ड.