कुलगुरू हंसा मेहता : एका शब्दाचे मोल

सुरत म्हटले की पर्वत पाटियापर्यंत विस्तारलेला कापडव्यवसाय डोळ्यांसमोर येतो. याच शहरात ३ जुलै १८९७ रोजी हंसा मेहता यांचा जन्म झाला. आजोबा नंदशंकर हे आद्य गुजराती कादंबरीकार, तर वडील मनुभाई बडोदा संस्थानचे दिवाण. बडोद्यात तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर त्या पत्रकारिता आणि समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेल्या. परतल्यावर त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. ज्ञातीचा रोष ओढवला; पण त्या मागे हटल्या नाहीत. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावासही भोगला.

महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची धुरा त्यांच्याकडे आली आणि सहशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाच्या त्या देशातील पहिल्या महिला कुलगुरू ठरल्या. महिला विद्यापीठाचे नेतृत्व स्त्रीकडे असणे समाजाला पटण्याजोगे होते. तरुण-तरुणी एकत्र शिकतात तेथे सर्वोच्च पदावर स्त्री असणे ही मात्र नवी गोष्ट होती. ललितकला, गृहविज्ञान आणि समाजकार्य या शाखा त्यांच्याच कारकिर्दीत आकाराला आल्या.

संविधान सभेच्या १५ महिला सदस्यांपैकी त्या एक. स्वातंत्र्याच्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने त्यांनी राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातील त्यांचे कार्य तर जगाला स्पर्शून गेले. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात मानवासाठी पुरुषवाचक शब्द होता. त्यात स्त्रियाही अभिप्रेत आहेत, असे अनेकांना वाटे. मात्र, अशा शब्दाचा आधार घेऊन स्त्रियांना हक्कांतून वगळले जाईल, हा धोका हंसाबेनांनी ओळखला. अखेर १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात सर्व मानव असा अर्थ देणारी शब्दयोजना आली.

१९६२ मध्ये मुलामुलींच्या अभ्यासक्रमांविषयी नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्षा झाल्या. लिंगभेदावर आधारित वेगळे अभ्यासक्रम समितीने नाकारले. मुलामुलींच्या आवडीनिवडींतील तफावत बव्हंशी सामाजिक संस्कारांतून येते, असा तिचा निष्कर्ष होता. विज्ञान-गणित मुलांचे आणि गृहकृत्य मुलींचे, ही वाटणी निसर्गाची नसून समाजाची आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

४ एप्रिल १९९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुलगी कोणता विषय निवडणार, हे आजही अनेक घरांत तिच्याआधी इतरच ठरवतात. तोवर हंसाबेनांचे कार्य पूर्णत्वास गेले, असे म्हणता येणार नाही.