दरबाराची वाट आणि देवाचे दार

सतराव्या शतकातील इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्ट भक्तिकवी म्हणून ओळखला जातो. वेदी, काटेरी मुकुट, भाकरी, द्राक्षरस ही ख्रिस्ती धर्मातील प्रतीके त्याच्या कवितेत जागोजागी आढळतात. ती वाचून हा कवी जन्मापासूनच विरक्त असावा, असा माझा समज झाला होता. चरित्र वाचल्यावर मात्र यशासाठी तळमळणारा एक तरुण समोर उभा राहिला.

हर्बर्टचा जन्म ३ एप्रिल १५९३ रोजी वेल्समधील माँटगोमेरी येथे एका वजनदार घराण्यात झाला. तो तीन वर्षांचा असताना वडील वारले. आई मॅग्डलेन हिने दहा मुलांना वाढवले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना, सोळा वर्षांच्या जॉर्जने आईला दोन सुनीते पाठवली आणि आपली कविता देवाच्या सेवेला वाहण्याचा निश्चय कळवला.

पण निश्चय एकीकडे आणि मनाची ओढ दुसरीकडे, असे अनेकदा घडते. १६२० मध्ये तो विद्यापीठाचा अधिकृत वक्ता झाला. राजाला आणि मानकऱ्यांना विद्यापीठाच्या वतीने लॅटिनमध्ये पत्रे लिहिणे, त्यांच्यापुढे भाषणे करणे हे त्याचे काम. तेथून दरबाराची वाट जवळ होती. पूर्वी याच पदावर असलेला रॉबर्ट नॉन्टन पुढे राजाचा मंत्री झाला होता. हर्बर्टचा थोरला भाऊ एडवर्ड फ्रान्समध्ये राजदूत होता. १६२४ मध्ये जॉर्ज स्वतः पार्लमेंटात गेला. आणि मग १६२५ मध्ये राजा पहिला जेम्स मरण पावला. ज्यांचा आधार वाटावा असे दोन सरदारही त्याच सुमारास गेले. १६२७ मध्ये आई गेली. प्रकृती तर आधीपासूनच नाजूक. शेवटी १६३० मध्ये सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा खेड्यात तो धर्मोपदेशक म्हणून राहू लागला.

ही सारी ओढाताण त्याच्या प्रतीकांत उतरली आहे. 'द कॉलर' या कवितेतील माणूस चिडून मेजावर हात आपटतो आणि हे बंधन तोडून निघून जायचे ठरवतो. वर्षे वाया गेली, हाती काहीच लागले नाही, ही त्याची तक्रार. त्याला विजेत्याच्या मस्तकावरची पानांची माळ हवी आहे. परंतु तक्रार करताना त्याच्या तोंडी काटा, रक्त, द्राक्षरस आणि धान्य येते. ख्रिस्ती वाचकाला त्यात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि प्रभुभोजन दिसते. ते मेजही प्रभुभोजनाचेच असू शकते. ज्याच्यापासून पळायचे, तोच त्याच्या शब्दाशब्दांत उभा आहे! अखेर मुलाला मारावी तशी एक हाक ऐकू येते आणि राग विरून जातो.

'रिडेम्प्शन' या सुनीतात एक कूळ आहे. जमीन परवडत नाही म्हणून ते नवा करार मागायला मालकाला शोधत निघते. मालक थोर, तेव्हा तो शहरांत, नाट्यगृहांत, दरबारात सापडेल असे त्याला वाटते. तो सापडतो चोर आणि खुनी यांच्या गलक्यात, मरणाच्या दारात. आणि कुळाने मागण्याआधीच मागणे मान्य करतो. दरबारात आशेने घुटमळलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले की या प्रतीकाची धार कळते.

येथे माझी एक शंका आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकून मोठी हो, एवढेच घरी सांगतात. हर्बर्टने मोठे घर आणि विद्यापीठ पाहून मग खेडे पत्करले. आम्ही खेड्यातूनच निघालो आहोत. ज्याच्या हाती काही आले त्यानेच त्याग करावा. आमच्या इच्छेला कोणी मोह म्हटले, तर ते मला पटणार नाही. पण हर्बर्ट तसे म्हणत नाही. तो आपली इच्छा झाकत नाही. ती देवापुढे नेतो, तिच्यासाठी भांडतो आणि हाक आली की ऐकतो. मला तो जवळचा वाटतो तो यासाठी.

बेमर्टनला त्याला तीन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. पडके चर्च त्याने दुरुस्त करून घेतले, गावकऱ्यांत मिसळला आणि १ मार्च १६३३ रोजी, चाळिशीच्या आतच, क्षयाने वारला. आयझॅक वॉल्टन या चरित्रकाराने नोंदवले आहे की, मरणापूर्वी त्याने कवितांचे हस्तलिखित निकोलस फेरर या मित्राकडे पाठवले. एखाद्या दुःखी जीवाला उपयोग होईल असे वाटले तर छापावे, नाहीतर जाळावे, असा निरोप होता. फेररने ते छापवले. 'द टेम्पल' त्याच वर्षी केंब्रिजला निघाले आणि वर्ष संपण्यापूर्वी दुसरी आवृत्तीही काढावी लागली. राजदरबारात ज्या नावाला जागा मिळाली नाही, ते आज जवळजवळ चारशे वर्षांनी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मला भेटले.