फोनची लाइन ‘बिझी’ का लागते, याचं गणित मांडणारा एर्लांग

नागपूरला लागून असलेल्या वाडीत अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत. रस्ता कितीही रुंद असो, ट्रक कधी पोहोचणार हे त्या वेळी रस्ता किती मोकळा आहे यावरच ठरतं.

इंटरनेटचंही तसंच आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो, पण त्यातलं आत्ता मोकळं किती? या प्रश्नाच्या मुळाशी जो माणूस आधी पोहोचला, त्याचं नाव आग्नेर क्रारूप एर्लांग.

१ जानेवारी १८७८ ला डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावात त्याचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. १९०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातून गणित शिकून तोही मास्तर झाला. गणितप्रेमींच्या मंडळात त्याची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनिअर. १९०८ मध्ये एर्लांग त्याच कंपनीत लागला.

तिथली अडचण साधी होती. लाइनी कमी टाकल्या तर लोकांचे फोन लागत नाहीत, जास्त टाकल्या तर पैसा वाया जातो. मग टाकायच्या किती?

सुरुवातीला हाताखाली फारसं कुणी नव्हतं. केबलमधली मोजमापं तो स्वतःच घ्यायचा. शिडी घेतलेला एक कामगार सोबत आणि हा गणितज्ञ मॅनहोलमध्ये, असं दृश्य कोपनहेगनच्या रस्त्यांवर दिसायचं.

कॉल ठरवून येत नाहीत, कधीही येतात, हे त्याने १९०९ मध्ये गणितात मांडलं. १९१७ मध्ये त्याची प्रसिद्ध सूत्रं आली. समजा, एका वेळी सरासरी १० कॉल चालतील एवढी मागणी आहे आणि लाइनीही १०च आहेत. वाटतं, पुरतील. पण त्याचं सूत्र सांगतं की १०० पैकी जवळपास २१ कॉल लागणारच नाहीत. म्हणजे नुसत्या सरासरीवर विसंबलात तर फसलात. ब्रिटिश पोस्ट खात्यानेही हे सूत्र स्वीकारलं.

आज हेच काम आणखी अवघड झालंय. १० जीबीपीएसच्या लाइनवर १५०० बाइटचं पॅकेट १.२ मायक्रोसेकंदात निघून जातं. मोकळी जागा मोजायला पॅकेट्स हळूहळू जास्त वेगाने सोडतात. ती रांगेत अडकून उशीर वाढू लागला, की समजायचं मोकळी जागा संपली. पण नेटवर्क कार्ड बरीच पॅकेट्स गोळा करून एकदम पुढे देतं, त्यामुळे त्यांच्यातलं खरं अंतर कळत नाही आणि आकडा चुकतो.

एर्लांगने लग्न केलं नाही. जवळपास २० वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजाही घेतली नाही. १९२९ च्या जानेवारीत पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेला, तो परतलाच नाही. ३ फेब्रुवारीला तो वारला, तेव्हा वय होतं ५१.

१९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला ‘एर्लांग’ नाव मिळालं. पुढे एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या एका प्रोग्रामिंग भाषेलाही. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले. फोन लागावा म्हणून मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचं नाव असं तुमच्या रोजच्या मेसेजमागे आहे.