अण्णा भाऊंचे गाणे म्हातारे का होत नाही?

जयंती जवळ आली की कवठे महांकाळ तालुक्यातल्या वस्त्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. जुने कार्यकर्ते म्हणतात की आता पूर्वीसारखी गाणी राहिली नाहीत; पोरे सिनेमाच्या चाली उचलतात, डीजेवर नाचतात आणि शब्द कुणीच ऐकत नाही. पोरे म्हणतात की तुमचे कान म्हातारे झाले. या भांडणात नुकसान चळवळीचे होते. म्हणूनच आमच्याच जिल्ह्याचे सुपुत्र साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे यांचे जीवन या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा पाहावे असे आम्हांस वाटते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. इंग्रजी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेली मांग जात, घरी अठराविश्वे दारिद्र्य आणि शाळा जेमतेम दीड दिवसाची. कुटुंबाने पायी मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे गिरवली. पुढे गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ढोलकी, लावणी, बतावणी, वग हे सारे त्यांच्या अंगात मुरले.

१९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. येथे त्यांनी केले काय? ढोलकी तीच ठेवली, तुणतुणे तेच ठेवले. मात्र गणातला गणपती काढून तिथे मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन आणले. गौळण वगळली. वगातल्या राजाच्या जागी सावकार, शेटजी आणि ढोंगी पुढारी उभे केले. सरकारने पथकावर बंदी घातली, यावरूनच या गाण्यांची धार कळते. विरहाची लावणी महाराष्ट्राला नवी नव्हती. पण 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेल्या कारभारणीचा विरह बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या मराठी मुलखाचा विरह झाला. बाज जुना, गाणे मात्र अस्सल नवे!

ते कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते, हे कुणी लपवू नये. पण १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. १९५९ सालची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या झुंझार लेखणीला अर्पण केली. भीमरावांचा संदेश सांगणारे त्यांचे गीत आजही जयंतीला गायले जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऐन विशीत ऐकलेले गाणे माणसाला जन्मभर खरे वाटते. १९५६ साली विशीत असलेला श्रोता आज नव्वदीच्या घरात आहे. त्याला नवे गाणे पोकळ वाटले तर तो दोष गाण्याचाच असतो असे नाही. महाकवी वामनदादा कर्डक यांचे १९४३ सालचे पहिले गीत सिनेमाच्या गाण्याचे विडंबनच होते, हेही ज्येष्ठांनी विसरू नये. चाल उसनी घेणे हा गुन्हा नव्हे. विचार उसना घेणे हा मात्र गुन्हा आहे. देवभोळ्या आरतीत नुसते नाव बदलून भीमगीत होत नाही, आणि आवाजाच्या भिंतीपुढे शब्दच ऐकू येणार नसतील तर चाल कितीही नवी असली तरी ते गाणे मुकेच.

अण्णा भाऊंनी १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच जगाचा निरोप घेतला. पन्नाशीही त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांचे श्रोते म्हातारे झाले, गाणे झाले नाही. कारण त्यात त्या त्या दिवसाची भूक आणि लढाई होती. मग आमच्या तालुक्यातल्या पोरांनी म्हैसाळच्या पाण्यावर, ऊसतोडीवर, गायरानावर गाणे का लिहू नये? येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीने एक तास डीजे बंद ठेवावा, पोरांनी स्वतःचे गाणे म्हणावे आणि ज्येष्ठांनी पुढच्या रांगेत बसून ते शेवटपर्यंत ऐकावे. जुन्या-नव्याचा निकाल त्यानंतर लावू.

जय भीम!