बाख आणि मत्तयाचे पॅशन

दुःखसहनाचा सप्ताह आला की जगातील पुष्कळ मंडळ्यांतून एक दीर्घ संगीतरचना गायिली जाते. मत्तयकृत शुभवर्तमानाचे २६ व २७ हे दोन अध्याय सबंध गाऊन सांगणारी ही रचना ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. ती रचणारे योहान सेबास्टियन बाख हे त्या वेळी एका शहरातील चर्चच्या शाळेत मुलांना संगीत शिकवीत होते. त्यांचा जीवनवृत्तांत व या रचनेची थोडी ओळख आम्ही येथे देत आहो.

बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी जर्मनीतील आयझेनाख येथे झाला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संगीताचाच व्यवसाय होता. वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच आई व वडील दोघेही वारले, आणि थोरल्या भावाने त्यांना आपल्या घरी वाढविले. हा भाऊ ऑर्गनवादक होता. विसाव्या वर्षी बाख आर्नस्टाट येथे ऑर्गनवादक असताना चार आठवड्यांची रजा घेऊन, सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत ल्यूबेकला गेले. तेथे बुक्स्टेहूड या वृद्ध वादकाचे संगीत ऐकण्यात ते इतके रमले की चार महिने परतलेच नाहीत. चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्यांना जाब विचारला!

पुढे वायमार व क्योथेन येथील दरबारांत त्यांनी नोकरी केली. १७२० साली ते राजपुत्राबरोबर परगावी गेले होते. परत येऊन पाहतात तो पत्नी मारिया बार्बरा हिला मूठमातीही देऊन झाली होती. पुढील वर्षी आन्ना माग्डालेना या गायिकेशी त्यांचा विवाह झाला. दोन्ही विवाहांची मिळून त्यांना वीस मुले झाली, पण त्यांतील दहाच मोठी होईपर्यंत जगली. मरणाविषयीचे त्यांचे संगीत ऐकताना हे विसरता येत नाही.

१७२३ साली ते लाइपझिग येथे सेंट थॉमस चर्चच्या शाळेत आले. नगरसभेला आधी टेलेमान व नंतर ग्राउप्नर हवे होते. ते दोघे मिळाले नाहीत म्हणून बाख यांना जागा मिळाली. शाळेतील मुलांना गाणे शिकवून शहरातील चर्चांत रविवारचे संगीत चालविणे हे त्यांचे काम. १७३० साली त्यांनी नगरसभेला लेखी कळविले की चोपन्न मुलांपैकी सतरा कामाची आहेत, वीस अजून तयार व्हायची आहेत, आणि सतरा मुळीच उपयोगाची नाहीत. आमच्या ज्या वाचकांनी मंडळीत गायकवृंद चालविला आहे त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

अशाच मुलांच्या जोरावर ११ एप्रिल १७२७ रोजी, उत्तम शुक्रवारी, हे पॅशन सेंट थॉमस चर्चमध्ये प्रथम गायिले गेले असे आज मानले जाते. ही मैफल नव्हती, उपासना होती. रचनेचे दोन भाग असून मधे उपदेश होई. गायकवृंद दोन आणि वाद्यवृंदही दोन. आरंभीच एक वृंद वधस्तंभाकडे चाललेल्या प्रभूकडे पाहावयास बोलावतो, दुसरा वृंद कोणाकडे, कसे, कोठे असे विचारीत राहतो, आणि त्या दोहोंच्या वर निर्दोष कोकऱ्याचे जुने गीत ऐकू येते.

शास्त्रवचन सांगणारा एक गायक शुभवर्तमानकाराचा भाग गातो. त्याला साथ अगदी थोडी असते. प्रभूचे शब्द आले की मात्र त्यांच्याभोवती तंतुवाद्यांचे मंद सूर पसरतात, जणू तेजोवलयच. वधस्तंभावरून देवाने आपल्याला का सोडले अशी आरोळी प्रभू मारतो, तेथे हे सूर थांबतात. प्रभूचा आवाज एकटा उरतो. शब्दांत जे सांगणे कठीण ते बाख यांनी वाद्ये गप्प करून सांगितले.

पाच वेळा एकच चाल परत येते. रक्ताने व जखमांनी भरलेल्या मस्तकाविषयीचे पाउल गेरहार्ट यांचे गीत ज्या चालीवर गातात, तीच ही. मुळात ती हान्स लिओ हासलर यांनी एका प्रेमगीतासाठी बांधली होती. पेत्र आपण कधीही नाकारणार नाही असे म्हणतो, त्याच्या आधी ही चाल एकदा येते आणि नंतर लगेच पुन्हा येते, पण षड्ज अर्ध्या स्वराने खाली उतरलेला असतो. प्रभूने प्राण सोडल्यावर ती शेवटची येते. तेव्हा चाल तीच, पण खालचे सूर इतके व्याकूळ की ती निराळीच भासते.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटल्या भोजनाची जागा. तुमच्यातील एक जण मला धरून देईल असे प्रभू सांगतो, आणि शिष्य, तो मी आहे काय, असे घाईघाईने विचारू लागतात. त्या गाण्यात प्रभू हे संबोधन अकरा वेळा येते. बारावा गप्प आहे. लगेच मंडळीचे गीत सुरू होते, आणि त्याचा आशय असा की तो मीच, शिक्षा माझीच होती. दोष यहूदावर किंवा यहुदी लोकांवर ढकलून मोकळे होण्याची वाट येथे बंद होते. वधस्तंभाच्या वृत्तांतावरून यहुदी लोकांचा द्वेष करावयास ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके शिकविले, त्याचे भयंकर फळ जगाने पाहिले. त्या गीताचे म्हणणे मनावर घेतले असते तर तसे शिकविणे शक्य नव्हते.

बाख यांच्याजवळ टीकेसह छापलेले पवित्र शास्त्र होते. मंदिरातील गायकवादकांच्या वृत्तांताशेजारी त्यांनी समासात लिहून ठेवले की भक्तिभावाने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेसह उपस्थित असतो. पॅशनची सुबक प्रत त्यांनी पुढे स्वतः काढली, तीत शास्त्रवचने तांबड्या शाईने लिहिली.

अखेरीस दृष्टी गेली. डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही, आणि २८ जुलै १७५० रोजी ते निवर्तले. आन्ना माग्डालेना हिने पतीच्या कित्येक रचनांच्या नकला स्वहस्ते केल्या होत्या. तीच १७६० साली त्याच शहरात धर्मादायावर दिवस काढीत वारली. ज्या सेवकांच्या गीतांनी मंडळीची उपासना चालते त्यांच्या विधवांची आठवण मंडळी ठेवते काय, हा प्रश्न आम्हांस सुटत नाही.

पुढे अनेक वर्षे हे पॅशन बहुतेक विस्मृतीत पडले. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेलसोन यांनी बर्लिनमध्ये ते पुन्हा गावविले, आणि तेव्हापासून ते जगभर गेले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. दुःखसहनाच्या सप्ताहात हे दोन अध्याय मुलांकडून वाचून घ्यावेत. शिष्यांच्या त्या प्रश्नापाशी थोडे थांबावे, आणि उत्तर यहूदा असे चटकन देऊ नये. मुलांना स्वतःच विचार करू द्यावा.