पाहुण्या पक्ष्यांचे मित्र : सलीम अली

हिवाळा सुरू झाला की आपल्या नदीच्या काठी काही नवे पाहुणे दिसू लागतात. शेपटी सारखी वरखाली हलवणारा धोबी पक्षी येतो. पाण्याच्या कडेने तुरुतुरु चालणारा छोटा तुतवार येतो. उन्हाळा जवळ आला की हे पक्षी निघून जातात. ते कोठून येतात? कोठे जातात? आपण त्यांच्याकडे पाहतो, पण हे प्रश्न क्वचितच विचारतो. ज्यांनी असे प्रश्न जन्मभर विचारले आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी रानावनांतून व समुद्रकिनाऱ्यांवरून पायपीट केली, त्या सलीम अली यांची ही ओळख आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली हे त्यांचे पूर्ण नाव. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. सलीम एक वर्षाचा असतानाच त्याचे वडील वारले. तीन वर्षांचा झाला तेव्हा आईचेही छत्र हरपले. आईबापावेगळ्या या मुलाचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी केला. त्यांचे घर मुंबईच्या खेतवाडी भागात होते. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. पोरक्या भाचरांना त्यांनी पोटच्या मुलांसारखे वाढवले.

मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळी शिकार हा मोठ्या घरांतील लोकांचा आवडता खेळ समजला जाई. लहान सलीमलाही एक छर्‍याची बंदूक मिळाली होती. तो तिने चिमण्या मारत असे. पुढे जो माणूस पक्ष्यांचा मित्र म्हणून साऱ्या जगाला माहीत झाला, त्याची सुरुवात अशी झाली होती.

सलीम दहा-बारा वर्षांचा असेल. एके दिवशी त्याने एक चिमणी मारली. हातात घेऊन पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ती खाणे हलाल आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडला. त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही ती ओळखता आली नाही. पण त्यांनी प्रश्न टाळला नाही. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ही निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था होती. मामा तिचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि सलीमला त्यांच्याकडे पाठवले.

मिलार्ड हे इंग्रज साहेब होते. सलीम मनातून घाबरला होता. साहेब आपल्याला हाकलून देतील, असे त्याला वाटत होते. पण मिलार्ड यांनी त्याला प्रेमाने जवळ बोलावले. ती पिवळ्या गळ्याची चिमणी आहे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी एकामागून एक खण उघडले. त्या खणांत भुसा भरून जतन केलेले शेकडो पक्षी ओळीने मांडलेले होते. सलीम पाहतच राहिला. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाच्या प्रश्नासाठी आपला वेळ दिला. त्या दिवशी सलीमसाठी केवळ खण उघडला नाही, तर एक नवे जग उघडले.

शाळेत मात्र सलीम फार हुशार नव्हता. त्याची प्रकृती नाजूक होती. गणिताची त्याला भीती वाटे. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. पुढे तो ब्रह्मदेशात भावाच्या व्यवसायात मदत करायला गेला. तेथे दाट जंगल होते. धंद्यापेक्षा त्याचे लक्ष पक्ष्यांकडेच अधिक असे. १९१७ साली तो मुंबईला परतला आणि प्राणिशास्त्र शिकू लागला. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्याचा विवाह झाला.

१९२६ साली सलीम अली यांना मनासारखी नोकरी मिळाली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे दालन होते. या म्युझियमला आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तेथे येणाऱ्या लोकांना आणि विद्यार्थ्यांना माहिती सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले. एके काळी मिलार्ड साहेबांनी त्यांना पक्षी दाखवले होते. आता ते स्वतः दुसऱ्यांना पक्षी दाखवू लागले.

अधिक शिकण्यासाठी ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिन येथे प्रोफेसर श्ट्रेसेमान या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. हेल्गोलँड नावाच्या समुद्रातील छोट्या बेटावरही ते गेले. लांबचा प्रवास करणारे असंख्य पक्षी त्या बेटावर विसाव्यासाठी उतरत असत. तेथील अभ्यासक त्यांना अलगद पकडून पायात हलके कडे घालत आणि सोडून देत. कड्यावर क्रमांक असे. तोच पक्षी दुसऱ्या देशात सापडला, की त्याचा मार्ग कळत असे. ही युक्ती सलीम अली यांनी नीट शिकून घेतली.

१९३० साली ते मायदेशी परतले तेव्हा एक वाईट बातमी त्यांची वाट पाहत होती. पैशांच्या अडचणीमुळे म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झाली होती. वय तिशीच्या पुढे, हाती नोकरी नाही आणि विद्यापीठाची मोठी पदवीही नाही! दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. सलीम अली आणि तेहमिना बेगम मुंबई सोडून अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे खर्च कमी होता.

किहीमच्या घराजवळ एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते. सलीम अली आडोसा करून तासन्‌तास बसत आणि पक्ष्यांचे वागणे टिपून ठेवत. सुगरण हे नाव स्त्रीचे असले, तरी घरटे विणतो तो नर, हे त्यांनी बारकाईने पाहिले. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तरच ती तेथे राहते. मग नर ते घरटे पूर्ण करतो आणि नंतर दुसरे घरटे बांधायला घेतो. हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. ज्या दिवसांत हाताला काम नव्हते, त्याच दिवसांत त्यांच्या हातून मोठे काम झाले.

पुढे अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. हैदराबाद संस्थानची पाहणी १९३१-३२ साली झाली. त्या वेळी आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. बैलगाडी, तंबू, कंदील आणि पायी प्रवास असे ते दिवस होते. तेहमिना बेगम त्यांच्याबरोबर रानात राहत आणि त्यांच्या लिखाणातही मदत करत. पण १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली एकटे पडले. या दुःखात त्यांच्या कामानेच त्यांना आधार दिला. १९४१ साली भारतीय पक्ष्यांची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक निघाले. रंगीत चित्रांच्या त्या पुस्तकामुळे सामान्य माणूसही पक्षी ओळखायला शिकला.

१९४५ साली ते कच्छच्या रणात गेले. तेथे खारट पाण्याच्या उथळ विस्तारात रोहित पक्षी घरटी करतात. लांब पाय, लांब मान, पंखांवर गुलाबी-लाल रंग, असा हा पक्षी असतो. तो चिखलाचा छोटा बुरूज रचतो आणि त्यावर बहुधा एकच अंडे घालतो. सलीम अली उंटावरून तेथे पोहोचले. पक्ष्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असावी, असा त्यांनी अंदाज केला. जणू माणसांपासून दूर वसलेले ते पक्ष्यांचे शहरच होते!

स्वातंत्र्यानंतर, १९५९ सालापासून, सलीम अली यांनी आपल्या सोसायटीमार्फत पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पॉइंट कॅलिमेर या ठिकाणाचे महत्त्वही त्यांनी ओळखले. १९६७ साली तेथे अभयारण्य झाले. उत्तरेकडील थंड देशांतून येणारे पक्षी हजारो किलोमीटर उडून आपल्या देशात उतरतात, हे अशा कामातून स्पष्ट होत गेले.

हे पक्षी समुद्रकाठीच का उतरतात? ओहोटी लागली की किनाऱ्यावर चिखलाची मैदाने उघडी पडतात. त्या चिखलात किडे, शिंपले, गोगलगाई आणि छोटे खेकडे असतात. लहान चोचीचा पक्षी वरवरचे टिपतो, लांब चोचीचा पक्षी खोलवरचे काढतो. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर अनेक जातींचे पोट भरते. जवळच खारफुटीची झाडे असतात. त्यांच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात. थकलेल्या मुसाफिरासाठी सराय असावी, तसा हा किनारा पक्ष्यांसाठी असतो. तेथे भर टाकली, खारफुटी तोडली किंवा घाण सोडली, तर सराय बंद पडते. मग भुकेल्या मुसाफिराने जावे कोठे?

केवळ पक्षी ओळखणे पुरेसे नाही, त्यांची जागाही वाचली पाहिजे, हे सलीम अली यांना पटले होते. म्हणून राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ रान वाचवण्यासाठी त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये, म्हणून त्यांनी आवाज उठवला. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अभ्यासाचे नमुने जमवण्यासाठी सलीम अली यांनीही अनेक पक्षी मारले. त्या काळी शास्त्राची रीतच तशी होती. पण मौजेखातर किंवा अविचाराने जीव घेणे त्यांना मान्य नव्हते. बंदुकीपेक्षा दुर्बीण हेच त्यांचे खरे हत्यार ठरले.

भारत सरकारने १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हा किताब दिला. निसर्गरक्षणासाठी त्यांना पॉल गेटी पुरस्कारही मिळाला. त्याची रक्कम ५० हजार डॉलर होती. एके काळी ज्यांची नोकरी गेली होती, त्या सलीम अली यांनी ती रक्कम निसर्गरक्षणाच्या निधीसाठी आपल्या सोसायटीला दिली. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सलीम अली गेले, पण त्यांचे काम थांबले नाही. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर खारफुटीचे एक अभयारण्य आहे. त्याला त्यांचे नाव दिले आहे. मुंबईजवळच्या ठाणे खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी येतात. २०१५ साली त्या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अली यांचा जन्मदिवस होय.

मुलांनो, बोरी अरब समुद्रापासून फार दूर आहे. आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. मग त्याच्याशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण आपली अडाण नदी पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. नदीत फेकलेली प्लास्टिकची पिशवी पुराबरोबर हाच रस्ता धरते. म्हणजे समुद्राचे एक दार आपल्या गावातही उघडते. ते स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. गुलेर घेऊन पाखरांमागे धावणारे मूल कोठेही दिसते. सलीमही तसाच होता. पण त्याच्या हातातल्या मेलेल्या चिमणीने त्याला एक प्रश्न विचारायला लावला आणि मोठ्यांनी त्या प्रश्नाला मान दिला. आता या हिवाळ्यात नदीकाठी जा. गुलेर घरी ठेवा, वही बरोबर घ्या. जो पक्षी दिसेल त्याचा रंग, चोच आणि चाल लिहून ठेवा. नाव माहीत नसेल तर शिक्षकांना विचारा. त्यांनाही माहीत नसेल, तर दोघे मिळून शोधा. सलीम अली यांची सुरुवातही अशाच एका प्रश्नाने झाली होती.

स्वाध्याय

१. सलीमचा सांभाळ कोणी केला?
२. मिलार्ड यांच्या भेटीचा सलीमच्या मनावर काय परिणाम झाला?
३. नोकरी गेल्यावर सलीम अली यांनी किहीम येथे कोणता अभ्यास केला?
४. समुद्रकिनाऱ्याला पक्ष्यांची सराय का म्हटले आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
५. आपल्या नदीकाठी दिसणाऱ्या तीन पक्ष्यांचे निरीक्षण करा आणि त्यांची माहिती वहीत लिहा.